तिसऱ्या कॉइलचा ठिपका

वनिता उरकुडेच्या घरातली शेवटची फरशी उचकटली, तेव्हाही खाली नुसती मातीच निघाली. चोरीची केबल नाही, पाइप नाही, वायरचा साधा तुकडाही नाही. एका कोपऱ्यात कधीकाळी हरवलेली काचेची गोटी तेवढी सापडली. गल्ली समितीचे अध्यक्ष भास्करराव ढवस यांनी ती उजेडात धरून पुराव्यासारखी न्याहाळली आणि मग गुपचूप खिडकीत ठेवून दिली.

"बाई पोचेल आहे," पहार भिंतीला टेकवत ते म्हणाले. "कुठी लपवली, पत्ता लागू देत नाई."

काही सापडलं नाही याचा अर्थ काही नव्हतंच, असाही होऊ शकतो. पण भर उन्हाळ्यात अर्धा दिवस घाम गाळून दुसऱ्याचं घर खणलेल्या माणसाला हा अर्थ सहसा सुचत नाही. समितीच्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या आणि पाणी मागितलं. वनितानं ते दिलं.

पुढच्या खोलीत तिचं मिरची कांडायचं यंत्र होतं. त्याला टेकून ती सकाळपासून उभी होती. ती कुणाशी भांडली नाही, रडली नाही. ती फक्त प्रणयकडे बघत होती. प्रणय तिचा धाकटा दीर आणि वरोऱ्याच्या या गल्लीचा वायरमन. सकाळी त्यानंच चारचौघांत सांगितलं होतं, "वहिनी माही असो का कोनाची असो. रिले खोटं बोलत नाई. तपासा घर."

हे वाक्य लोकांना फार आवडलं होतं. घरच्या माणसालाही सोडत नाही, असा पोरगा आजच्या दिवसांत कुठं मिळतो! आणि लोकांना ते आवडलं, हे प्रणयला आवडलं होतं.

"झालं का जी, साहेब?" वनितानं त्याला विचारलं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती त्याला 'भाऊजी' म्हणत आली होती. तो दचकला, पण पहारी गोळा करण्याच्या गडबडीत त्यानं तसं दाखवलं नाही.

*

या सगळ्याचं मूळ तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या एका दुपारी होतं. लोक तिला 'काळी दुपार' म्हणतात.

तेव्हा जिल्ह्यातली सगळी वीज हुशार झाली होती. कुठल्या घराला किती द्यायची, कुठला कूलर कधी बंद करायचा, हे सगळं खांबाखांबावरच्या चिपा आपसांत बोलून ठरवायच्या. त्या दुपारी कुणीतरी, कुठून तरी, त्या चिपांना एक खोटा निरोप पाठवला आणि त्यांनी आज्ञाधारकपणे सगळं बंद करून टाकलं. बाहेर नुसतं ऊन नव्हतं, हवेत ओलही होती. उष्णता आणि ओल मिळून एक हद्द ओलांडली की अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. मग सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जातो. त्या दुपारी चंद्रपूर जिल्ह्यात असे फार लोक गेले. त्यात प्रणयचा मोठा भाऊ अतुल होता. वनिताचा नवरा.

त्यानंतर कायदा आला. जीव वाचवणाऱ्या विजेच्या वाटेवर एकही चिप नको. तिथं जुन्या काळचा रिले बसवायचा. तांब्याच्या तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्या आत लोखंड. तारेतून वीज गेली की लोखंडाचं चुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं, 'टक्' असा आवाज येतो आणि वीज तुटते किंवा जुळते. संपलं. त्याला प्रोग्रॅम नाही, नेटवर्क नाही, निरोप घ्यायला कान नाहीत. ज्याला डोकंच नाही त्याला फितवणार कोण?

कायद्यानं प्रत्येक गल्लीला एक थंडघरही दिलं. जाड भिंतींचं, अर्धं जमिनीत उतरलेलं मोठं दालन. धोक्याची हवा आली की भोंगा वाजतो आणि सगळी गल्ली तिथं जाऊन बसते. थंडघराची वीज कुणी आकडा टाकून पळवू नये म्हणून त्याच्या दाराशी 'साक्षी' नावाचा रिले बसवलेला असतो.

या गल्लीच्या साक्षीत एकाच लोखंडावर तीन कॉइल होत्या. पहिलीत गल्लीत शिरणाऱ्या एकूण विजेचा हिशोब यायचा. दुसरीत घराघरांच्या मीटरांतून गेलेल्या विजेचा. आणि वनिताच्या कांडपाची धंद्याची जोडणी वेगळी होती, म्हणून तिच्यासाठी तिसरी. दुसरी आणि तिसरी मिळून पहिलीच्या विरुद्ध जोर लावायच्या. जेवढी वीज आली तेवढीच मीटरांतून गेली, तर जोर बरोबर फिटतो, काटा शून्यावर राहतो आणि साक्षी गप्प बसतो. मधल्यामध्ये कुणी चोरली तर जोर फिटत नाही. काटा हलतो, 'टक्' होतं, सगळ्या गल्लीची वीज जाते आणि रिलेच्या काचेमागे लाल निशाण पडतं.

आता यात एक मेख आहे. एसी वीज सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे हेलकावे खाते. तिला बॅटरीसारखं अधिक-उणं नसतं. एकटी कॉइल असेल तर तिचं कुठलंही टोक कुठंही जोडा, काही बिघडत नाही. म्हणून वायरमन लोकांच्या तोंडी एक वाक्य बसलेलं असतं, 'एसीले काय उलटं नि काय सुलटं!' पण एकाच लोखंडावर दोन-तीन कॉइल आल्या की हे वाक्य लागू पडत नाही. दोघं मिळून ओढायची मोठी करवत असते ना, तिच्यासारखं होतं. करवतही सारखी इकडून तिकडे जाते, तिलाही कायमची एक दिशा नसते. पण एकानं ढकलायच्या वेळी दुसऱ्यानं ओढलं पाहिजे. हा ताल चुकला की सगळा हिशोब उलटतो. तो चुकू नये म्हणून कॉइल बनवणारे प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकाशी लाल रंगाचा बारीक ठिपका देतात. त्या ठिपक्यावरून वायरमननं जोडणी करायची.

ही जोडणी प्रणयनं स्वतः केली होती, फाल्गुनात, थंडघराच्या उद्घाटनाच्या दिवशी. नवं यंत्र घरात आलं की आधी पूजा, मग वीज, हा आपल्याकडचा रिवाज. प्रणयची बायको मोनाली हिनं ताट आणलं होतं. तिनं रिलेच्या पेटीला, झाकणाला आणि आतल्या एकेका कॉइललाही ओल्या कुंकवाचं बोट लावलं. वनिता मागे उभी होती. उद्घाटनाचा नारळ फुटला तेव्हा तिनं डोळे पुसले होते. असा रिले तीन वर्षं आधी असता तर, हे तिच्या मनात आलं असणार. ते सगळ्यांच्याच मनात आलं होतं.

मग चैत्र लागला. लोकांनी वर्षाच्या मिरच्या वाळवल्या आणि वनिताचं कांडप सुरू झालं. आणि ते सुरू झालं की 'टक्'.

*

फरश्या उचकटल्यानंतर समितीनं कांडपाची वीज तोडली. घरातली तोडली नाही. तेवढी माणुसकी आपल्यात आहे, असं ढवसांनी सांगितलं. कांडप थांबलं आणि साक्षीचं निशाण पडायचंही थांबलं. यापेक्षा वेगळा पुरावा कुणाला हवा होता?

मोकळी झालेली कांडपाची लाइन, मीटरसकट, थंडघरातल्या दुसऱ्या कूलिंग मशिनला द्यायचं ठरलं. चोरीची वीज सत्कारणी लागली, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. ते काम प्रणयनं केलं.

वनिताच्या ओट्यावर पूर्वी सकाळपासून डब्यांची रांग लागलेली असायची. भिवापुरी मिरची कांडायला पडली की अख्खी गल्ली शिंकायची आणि शिंकता शिंकता वनिताला नावं ठेवायची. आता डबे दुसऱ्या गल्लीत जाऊ लागले. तिच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली आणायच्या. ती नळावर आली की नळावरचं बोलणं थांबायचं. कुणी तिला काही म्हणालं नाही. कुणाला काही म्हणायची गरजच उरली नव्हती.

"मले एक सांगा," मोनाली एकदा भाकरी थापताना म्हणाली. "ज्या बाईचा नवरा त्या दुपारी गेला, ते बाई थंडघराची वीज चोरन का?"

"मी काटा पायला ना," प्रणय म्हणाला. "कांडप जेवढी वीज खाते, काटा त्याच्या बरोबर दुप्पट चोरी दाखवते. रिकामं फिरवलं तरी दुप्पट, मिरच्या टाकल्या तरी दुप्पट."

"बरोबर दुप्पट?"

"हाव."

"चोर इतका हिशोबानं चोरते का जी?"

प्रणयनं ताट पुढे ओढलं. "तू वायरमन आहे का मी?"

मोनालीनं तव्यावरची भाकरी उलटली. दुपटीचा हा प्रश्न त्याच्याही मनात आला होता, नाही असं नाही. पण रिले उघडून बघायचा म्हणजे मी वहिनीला सोडवायला बघतोय असं लोक म्हणतील, ही भीती त्याला वाटली. निःपक्षपाती माणूस म्हणून झालेलं नाव त्याला आता टिकवायचं होतं. त्यापायी तो आपल्याच वहिनीवर अन्याय करतोय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यानं ते बाजूला सारलं असेल.

*

वैशाखातल्या एका दुपारी भोंगा वाजला.

लोक पाण्याच्या बाटल्या, पोरं, म्हातारे, एकदोन शेळ्या घेऊन थंडघरात उतरले. थंडघराचं दार कुणालाच बंद नसतं, कायदाच तसा आहे. पण वनिता आली नाही.

"बोलावून आणू का?" मोनालीनं विचारलं.

"येईन आपल्या पायानं," ढवस म्हणाले. "आपन काय अडवलं थोडीच."

दालन भरलं. एक मशिन पुरेना, म्हणून प्रणयनं दुसरं सुरू केलं. कांडपाच्या लाइनवरचं. ते घरघरलं, थंड हवेचा झोत आला, पोरांनी 'हेऽऽ' म्हणून ओरडा केला आणि तेवढ्यात दाराकडून आवाज आला, 'टक्'.

दोन्ही मशिनं थांबली. दिवे गेले.

"पुन्हा!" अंधारात ढवस ओरडले. "त्या बाईनं पुन्हा काई तरी केलं!"

"तिच्या कांडपाची वीज तर आपन तोडली ना," कुणीतरी म्हणालं.

प्रणय टॉर्च घेऊन पायऱ्या चढून दाराशी आला. बाहेरची हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली. काचेमागे लाल निशाण पडलेलं होतं. त्यानं ते उचललं, वीज जोडली, आतून दुसरं मशिन क्षणभर सुरू करायला लावलं आणि काट्याकडे बघितलं. मग मशिनच्या मीटरकडे बघितलं. मग पुन्हा काट्याकडे.

मशिन जेवढी वीज खात होतं, त्याच्या बरोबर दुप्पट.

कांडप चोरी करत होतं असं धरलं, तर आता थंडघरच थंडघराची वीज चोरत होतं. तिसऱ्या कॉइलनं जोर वजा करायच्या ऐवजी त्यात भरच घातली, तर नेमकं हेच दिसणार. जेवढा हिशोब फिटायचा राहिला तेवढा एक, आणि वर चढलेला तेवढाच दुसरा. दुप्पट. हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. डिप्लोमाच्या परीक्षेत असलं गणित त्यानं सोडवलं होतं.

त्यानं मेन बंद केला आणि पेटी उघडली. तिसऱ्या कॉइलवर दोन लाल ठिपके होते. एका टोकाशी एक, दुसऱ्या टोकाशी एक. त्याची जोडणी त्यातल्या जास्त लाल ठिपक्यावरून केलेली होती. त्यानं त्या ठिपक्यावर अंगठा घासला.

ठिपका निघून आला. अंगठ्यावर कुंकू होतं.

दुसऱ्या ठिपक्यावर त्यानं अंगठा घासला, नखानं खरवडला. तो रंगाचा होता. तो निघाला नाही.

बाकीच्या दोन कॉइलवर कुंकू खुणेवरच बसलं होतं, पण तिसरीवरचे हे दोन्ही ठिपके त्याला उद्घाटनाच्या दिवशी दिसले होते. आता ते सगळं त्याला स्वच्छ आठवलं. तेव्हा तो क्षणभर थांबलाही होता. शंका आली की करायची तपासणी सोपी असते. दोन कॉइल एकामागे एक जोडायच्या, थोडीशी वीज द्यायची आणि मीटरवर बघायचं. जोर मिळाला तर बेरीज दिसते, कापला गेला तर वजाबाकी. पाच मिनिटांचं काम. पण मागून ढवस 'मुहूर्त चालला गा' म्हणून ओरडत होते, पाहुणे हारांसकट ताटकळले होते, आणि सगळ्यांदेखत वायरमन गोंधळला असं दिसायला नको होतं. 'एसीले काय उलटं नि काय सुलटं', असं तो हसत म्हणाला होता आणि जो ठिपका जास्त ठसठशीत दिसला त्यावरून त्यानं वायर आवळली होती.

आता त्यानं ती तपासणी केली, फाल्गुनात करायची ती. मग तिसऱ्या कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली. मेन चालू केला, दुसरं मशिन सुरू करायला सांगितलं. काटा शून्यावरून हलला नाही.

त्याला इतकी लाज वाटत होती की पायऱ्या उतरून खाली जाववेना.

*

"काय झालं होतं?" ढवसांनी विचारलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

प्रणयनं अंगठा पुढे केला. "कुंकू," तो म्हणाला. "पूजेचं कुंकू कॉइलच्या खुणेजवळ लागलं होतं. त्यानं जोडणी उलटी झाली. वहिनीनं चोरी केली नव्हती."

मग एक म्हातारा हसला. त्याला बघून आणखी दोघं हसले. कुणीतरी 'कुंकू! अजी बाप्पा!' म्हणालं आणि सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"म्हनजे कोनाचीच चूक नाई," ढवस घाईघाईनं म्हणाले. "देवाच्या कामात झालं. मोनालीनं काई मुद्दाम नाई लावलं. चालते, चालते."

मोनाली भिंतीला टेकून बसली होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिचा चेहरा उतरला होता. प्रणयनं ते बघितलं. दुसऱ्या ठिपक्याबद्दल इथं कुणालाच माहीत नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. तो काही न बोलता पायऱ्या चढला आणि वनिताच्या घराकडे निघाला.

*

वनिता मधल्या खोलीत, उघड्या मातीवर ओली चादर टाकून आडवी झाली होती. फरश्या भिंतीला तशाच रचलेल्या होत्या. पंखा फिरत होता, पण गरम हवाच फिरवत होता. तिचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळ कोरडं होतं. घामच आटून कपाळ कोरडं पडलं की माणूस हातचा जायला वेळ लागत नाही, हे काळ्या दुपारनंतर इथल्या पोरासोरांनाही कळतं.

"माती थंड लागते जी," डोळे न उघडता ती म्हणाली. "तुमी खंदली थे बरंच झालं."

"वहिनी, चाला. थंडघरात चाला. चूक सापडली. तुमची नव्हती."

"माही नव्हती हे मले मालूमच होतं. कोनाची होती?"

"पूजेच्या दिवशी मोनालीनं कुंकू लावलं ना, थे कंपनीच्या ठिपक्यावानी कॉइलच्या चुकीच्या टोकावर बसलं. मंग जोडणी उलटी झाली."

"म्हनजे आता मोनालीची चूक."

वनितानं डोळे उघडले.

"कॉइलवर कंपनीचा ठिपका असते म्हनता तुमी. वरून कुंकवाचा. मंग तुमाले दोन दिसले असतीन."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पळून जावंसं वाटत होतं.

"दिसले होते," तो म्हणाला.

ती सावकाश कोपरावर उठली. तिला धाप लागली होती.

"थे पेटी उघडून पाह्याले किती वेळ लागते?"

"पाच मिनटं."

"पाच मिनटं," ती म्हणाली. "आन माही फरशी खंदाले तुमाले अर्धा दिवस लागला. माह्यावर नाव आलं तवा तुमी पेटी नाई उघडली, साहेब. माहं घर उघडलं. तुमचे दादा असते तर त्याइनं आधी काय उघडलं असतं?"

प्रणयनं खाली वाकून तिचा हात धरला. "वहिनी, मले काई बी म्हना. पन आता उठा. जीव जाईन तुमचा."

तिनं हात सोडवून घेतला. "मी तिथं येऊन बसू, आन लोकं म्हनतीन कुंकवानं केलं, कोनाचीच चूक नाई. मले नाई जमत. त्यापरीस माती बरी."

"मी सांगतो. दोन ठिपक्याचं सांगतो."

"आधी सांगा. मंग येतो मी."

"आधी चाला ना!"

"नाई." ती पुन्हा आडवी झाली आणि चादर अंगावर ओढली. "मले आता तुमच्या बोलन्यावर भरोसा नाई जी."

तो धावला. ऊन डोळ्यांत टोचत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. थंडघराच्या दारातच, पायऱ्यांवर उभं राहून, धापा टाकत तो ओरडला, "कुंकवाची चूक नव्हती! मोनालीची नव्हती!"

सगळे वळले.

"मले दोन ठिपके दिसले होते. जोडणी केली त्याच दिवशी दिसले होते. शंका आली होती मले. पन तुमच्या समोर मी अडलो असं दिसू नये म्हनून मी तपासलं नाई. पुढं काटा दुप्पट दाखवत होता, तवा बी नाई. वहिनीकडून बोललो तर तुमी मले नावं ठेवसान, म्हनून मी तिच्याइरुद्ध बोललो. तिच्या नवऱ्यावानी कोनी मरू नये म्हनून रिले बसवला आन त्यानं तिलेच चोर केलं. म्यानंच केलं." त्यानं वनिताच्या घराकडे हात केला. "थे तिकडं मातीवर पडून आहे. तिचं कपाळ कोरडं आहे. तुमाले हे सांगतल्याबिगर येत नाई म्हनते."

थंड हवेचा झोत चालू होता. कुणी हसलं नाही. कोणी त्याला शिव्याही दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शिव्या द्यायला ज्यांनी तोंड उघडायचं, त्यांच्याच हातात फरश्या उचकटताना पहारी होत्या.

मोनाली उठली. त्याच्याकडे न बघता त्याच्या बाजूनं पायऱ्या चढून बाहेर पडली. तिच्यामागे आणखी दोन बायका. मग ढवस उठले, ओला पंचा डोक्याला गुंडाळला आणि म्हणाले, "खाट लागन. चाला गा."

ज्यांनी फरश्या उचकटल्या होत्या त्यांनीच वनिताला खाटेवर घालून त्या उन्हातून आणलं. प्रणय खाटेचा एक पाय धरायला गेला, तर तिथं आधीच कुणाचा तरी हात होता. तो नुसता बाजूनं चालला. थंडघरात मोनालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं वनिताच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि मोनाली मोठ्यानं रडायला लागली.

*

ढवसांनी दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवला. नव्या फरश्या, समितीच्या खर्चानं.

वनितानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. "यंदाचा उन्हाळा राहू द्या," तिनं निरोप दिला. "माती थंड लागते."

थंडघराच्या दुसऱ्या मशिनसाठी नवी लाइन ओढून झाली आणि कांडप पुन्हा सुरू झालं. साक्षी गप्प राहिला. ओट्यावर डब्यांची रांग लागली. पूर्वीपेक्षा मोठीच लागली, कारण ज्यांच्या मिरच्या कांडून झाल्या होत्या त्यांनाही एकाएकी हळद कांडून घ्यायची आठवण झाली. गल्ली शिंकत राहिली, पण नावं ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही.

पूर्वी वनिता डबा ओट्यावरूनच घ्यायची. आता ती म्हणायची, "आत आना जी, तराजू आत आहे." मग चप्पल काढून, मधल्या खोलीतल्या खणलेल्या जमिनीवरून चालत जावं लागायचं. तळपायाला माती लागायची, ती घरापर्यंत यायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायका उंबऱ्यातून ती माती झाडायच्या आणि त्याबद्दल एकमेकींशी काही बोलायच्या नाहीत.

प्रणयच्या घरी झाडू तोच मारायचा. मोनालीनं सांगितलं नव्हतं.

एका सकाळी तो स्वतः डबा घेऊन गेला. मनात बरंच काही बोलायचं ठरवून गेला होता. उघड्या मातीवर तो अनवाणी उभा राहिला. वनिता तराजूशी होती, डोक्याला फडकं, भुवयांवर लाल भुकटी. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. त्याला वाटलं, आता ती भाऊजी म्हणेल.

"डबा तिकडं ठेवा, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या आधी नंबर आहेत."

त्यानं डबा रांगेच्या शेवटी ठेवला आणि उभा राहिला.